महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचे वेळेचे नियोजन : आधी हिशेब, मग वेळापत्रक

नांदेड/लातूर (प्रतिनिधी) - सकाळी सातच्या सुमारास नांदेड किंवा लातूरच्या बसस्थानकावर उभे राहिले, की पाठीला दप्तर लावलेल्या मुला-मुलींची एकच गर्दी दिसते. लोहा, कंधार, नायगाव, अर्धापूर, तर इकडे औसा, रेणापूर, चाकूर, निलंगा या भागांतून ही मुले एस.टी.ने शहरात येतात. त्याच वेळी नांदेडच्या भाग्यनगर, श्यामनगर परिसरात आणि लातूरच्या 'ट्यूशन एरिया'त खोली करून राहणारी मुले शिकवणीच्या वाटेला लागलेली असतात. या दोघांच्याही वहीच्या शेवटच्या पानावर बहुधा एक वेळापत्रक लिहिलेले असते आणि ते चार दिवसांपेक्षा जास्त टिकत नाही, ही दोघांचीही तक्रार असते.

वेळापत्रक कोलमडले, की विद्यार्थी स्वतःला आळशी ठरवतो आणि पालकही त्याला तेच ऐकवतात. प्रत्यक्षात बहुतेक वेळा चूक जिद्दीची नसून हिशेबाची असते. जे तास हाताशी नाहीतच, ते गृहीत धरून आखलेले वेळापत्रक कितीही निश्चय केला तरी पाळता येत नाही. या चुकीची किंमत मात्र मोठी असते. खोलीभाडे, मेस आणि शिकवणीचे शुल्क यांसाठी अनेक घरांत शेतीच्या उत्पन्नातून किंवा उसनवारीतून पैसा उभा राहतो. पदवीचे विषय मागे राहिले किंवा प्रवेश परीक्षेसाठी पुन्हा एक वर्ष द्यावे लागले, तर त्याचा भार संपूर्ण कुटुंबावर पडतो. म्हणूनच वेळेचे नियोजन म्हणजे नेमके काय आणि ते कसे करावे, याची ही सविस्तर माहिती.

लातूर पॅटर्न : वेळेचाच प्रयोग

वेळेच्या नियोजनाचे मराठवाड्यातील सर्वांत गाजलेले उदाहरण म्हणजे 'लातूर पॅटर्न'. १९७० मध्ये स्थापन झालेले राजर्षी शाहू महाविद्यालय आणि त्याआधीपासूनचे दयानंद महाविद्यालय या संस्थांच्या नावांशी हा पॅटर्न जोडला गेला. १९९० च्या दशकात राज्य मंडळाच्या गुणवत्ता याद्यांमध्ये लातूरच्या विद्यार्थ्यांची नावे सातत्याने झळकू लागली आणि राज्यभरातून विद्यार्थ्यांचा ओघ या शहराकडे सुरू झाला.

या पॅटर्नमध्ये गूढ असे काही नव्हते. अकरावीचा अभ्यासक्रम लवकर आटोपणे, उन्हाळ्याच्या सुटीतच बारावीचे तास सुरू करणे, वार्षिक परीक्षेच्या काही महिने आधी अभ्यासक्रम पूर्ण करणे आणि उरलेला काळ उजळणी व सराव परीक्षांसाठी राखून ठेवणे, अशी त्याची ढोबळ चौकट होती. शिकवण्याला लागणारा काळ मर्यादित ठेवून उजळणीचा काळ वाढविणे, हे त्याचे सूत्र होते. घोकंपट्टीला उत्तेजन देणारा पॅटर्न, अशी टीकाही त्यावर झाली आणि ती अगदीच निराधार नव्हती. मात्र परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजत येऊन वर्षाची आखणी करण्याची शिस्त त्याने या भागात रुजविली, हे मान्य करावे लागते.

यात एक बाब सहसा लक्षात घेतली जात नाही. या पद्धतीत वेळेचे नियोजन विद्यार्थी करत नाही, तर संस्था करते. कोणत्या दिवशी कोणता धडा शिकवायचा, चाचणी केव्हा घ्यायची, गैरहजेरी पालकांना केव्हा कळवायची, हे सारे आधीच ठरलेले असते. विद्यार्थ्याने फक्त वेळेवर हजर राहायचे असते.

आधार सुटतो तेव्हा

बारावीनंतर ही चौकट अचानक नाहीशी होते. नांदेडच्या विष्णुपुरी येथील श्री गुरू गोबिंदसिंहजी अभियांत्रिकी संस्थेत प्रवेश मिळो, वैद्यकीय महाविद्यालयात मिळो, की विज्ञान, वाणिज्य वा कला शाखेच्या पदवीला, रोज चाचणी घेणारे आणि पालकांना निरोप धाडणारे कोणी नसते. तासिका संपल्यानंतरचा वेळ विद्यार्थ्याच्या ताब्यात येतो आणि सत्र परीक्षा मात्र चार महिन्यांनी उभी ठाकते. बारावीला उत्तम गुण मिळविणारा विद्यार्थी पदवीच्या पहिल्याच सत्रात अडखळतो, तेव्हा त्याचे एक प्रमुख कारण हे असते.

नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे १७ सप्टेंबर १९९४ रोजी स्थापन झालेल्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतात. राजर्षी शाहू महाविद्यालयाचे संस्थापक प्राचार्य डॉ. जनार्दन वाघमारे हेच या विद्यापीठाचे पहिले कुलगुरू. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीचा अभ्यास आता क्रेडिटमध्ये मोजला जातो आणि या क्रेडिटमध्येच वेळेचा हिशेब दडलेला आहे. २०२३ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट म्हणजे १२०० अध्ययन तास धरले आहेत. याचाच अर्थ एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचे काम. यातील साधारण १५ तास वर्गातील तासिकांचे असतात. उरलेले तास स्वाध्याय, वाचन, प्रकल्प आणि परीक्षेच्या तयारीचे.

एका सत्राला २० क्रेडिट धरल्यास ६०० तास होतात. सत्रातील अध्यापनाचे १५ आठवडे धरले, तर आठवड्याला ४० तास. त्यातील निम्मे वर्गात गेले, तरी आठवड्याला सुमारे २० तास विद्यार्थ्याने स्वतः अभ्यास करणे अपेक्षित आहे. प्रात्यक्षिके असलेल्या शाखांत हे प्रमाण थोडे बदलते. परंतु 'एक तास वर्गात, तर एक तास स्वतःचा' हा ढोबळ नियम लक्षात ठेवण्यास सोपा आहे.

१६८ तासांचा ताळेबंद

नियोजनाची पहिली पायरी म्हणजे आठवड्याच्या १६८ तासांचा ताळेबंद मांडणे. नमुन्यादाखल दोन विद्यार्थी घेऊ. पहिला गावाहून रोज ये-जा करणारा आणि दुसरा शहरात खोली करून राहणारा.

दोघांच्याही झोपेसाठी रोज आठ तासांप्रमाणे ५६ तास, अंघोळ, जेवण आदींसाठी रोज तीन तासांप्रमाणे २१ तास आणि महाविद्यालयात सहा दिवस रोज सहा तासांप्रमाणे ३६ तास जातात. ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याचे एस.टी.ची वाट पाहणे आणि प्रवास यांत रोज तीन तास, म्हणजे आठवड्याला १८ तास जातात. घरातील आणि शेतातील कामासाठी आणखी १० तास धरू. एकूण १४१ तास झाले. शिल्लक राहिले २७. खोलीवर राहणाऱ्याचा प्रवास आठवड्याला सहा तासांत आटोपतो. कपडे, पाणी, बाजारहाट यांसाठी सात तास धरले, तर त्याचा खर्च १२६ तास होतो आणि ४२ तास शिल्लक राहतात.

फरक आठवड्याला १५ तासांचा आहे. पंधरा आठवड्यांच्या सत्रात तो २२५ तास होतो. क्रेडिटच्या भाषेत सांगायचे, तर साडेसात क्रेडिट, म्हणजे चार क्रेडिटच्या जवळपास दोन विषयांइतका. दोघांनी सारखेच वेळापत्रक भिंतीवर लावले, तर ते एकाला जमेल आणि दुसऱ्याला जमणार नाही, हे उघड आहे. ज्या मुलींवर महाविद्यालयातून परतल्यावर स्वयंपाकाची जबाबदारी असते, त्यांच्याकडे २७ तासही उरत नाहीत.

म्हणून दुसऱ्याचे वेळापत्रक उतरवून घेण्यापूर्वी प्रत्येकाने स्वतःचा ताळेबंद मांडावा. सलग सात दिवस दर तासाला काय केले, याची एका ओळीत प्रामाणिक नोंद ठेवावी. या आठवड्यात कोणतीही सुधारणा करू नये, फक्त नोंद करावी. अभ्यासिकेत दहा तास बसलो, याचा अर्थ दहा तास अभ्यास झाला, असा नव्हे. चहा, गप्पा आणि मोबाईल वजा जाता नेमका किती वेळ उरतो, हे या नोंदीतून कळते. हा आकडा पाहून अनेकांना धक्का बसतो. नियोजनाची खरी सुरुवात त्यानंतरच होते.

अंदाज का चुकतो?

कामाला लागणाऱ्या वेळेचा अंदाज माणूस नेहमीच कमी करतो. डॅनियल काहनमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये या प्रवृत्तीकडे लक्ष वेधले. कॅनडातील संशोधक रॉजर ब्यूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यास तर थेट विद्यार्थ्यांवरच होता. प्रबंध पूर्ण करण्यास किती दिवस लागतील, असे विचारल्यावर विद्यार्थ्यांचा सरासरी अंदाज ३३.९ दिवसांचा होता. सारे काही बिघडले तर किती, या प्रश्नावर त्यांनी सरासरी ४८.६ दिवस सांगितले. प्रत्यक्षात लागले ५५.५ दिवस. म्हणजे सर्वांत वाईट परिस्थितीचा अंदाजही अपुरा ठरला.

यावर सोपा उपाय म्हणजे मागील अनुभव तपासणे. गेल्या सत्रात एक प्रकरण वाचून त्याची टिपणे काढण्यास प्रत्यक्षात सहा तास लागले असतील, तर या वेळी तीन तासांत होईल, असे धरू नये. मागची नोंद नसल्यास स्वतःच्या अंदाजाच्या दीडपट वेळ गृहीत धरावा.

परीक्षेपासून मागे मोजावे

सत्राची आखणी करताना परीक्षेच्या संभाव्य तारखेपासून मागे यावे. शेवटचे तीन आठवडे फक्त उजळणीसाठी ठेवावेत. उरलेल्या आठवड्यांत प्रकरणांची विभागणी करावी आणि दर चौथ्या आठवड्यात किमान दोन दिवस पूर्णपणे मोकळे सोडावेत. मागे पडलेले काम भरून काढण्यासाठी हे राखीव दिवस असतात.

आपल्या भागातील विद्यार्थ्यांनी दिनदर्शिकेत आणखी एक नोंद करणे गरजेचे आहे, ती म्हणजे सुगीची. सोयाबीनची काढणी आणि मळणी साधारण दसरा-दिवाळीच्या सुमारास येते आणि हिवाळी सत्राच्या परीक्षाही त्याच्या मागोमाग असतात. मजूर मिळत नसताना घरातील मुलगा किंवा मुलगी शेतात जाणार, हे ठरलेलेच आहे. मग ते दिवस अभ्यासाचे म्हणून दाखवून स्वतःची फसवणूक कशाला? काढणीचे आठ-दहा दिवस आधीच वजा करावेत आणि त्या काळातील अभ्यास ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये ओढून घ्यावा. गौरी-गणपती, नवरात्र, घरातील लग्नकार्ये यांनाही हाच नियम लावावा.

काही अडचणी मात्र दिनदर्शिकेत दिसत नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूर शहराने भीषण पाणीटंचाई अनुभवली. १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात दाखल झाली. त्या दिवसांत टँकरची वाट पाहण्यात आणि घागरी भरण्यात घराघरांचे तासन्‌तास खर्ची पडत होते. अशा प्रसंगांचे भाकीत कोणालाही करता येत नाही. राखीव दिवसांची गरज असते ती यासाठीच.

कमी वेळात टिकणारा अभ्यास

शिल्लक तास वाढविता येत नसतील, तर त्या तासांचे फळ वाढविणे, हा दुसरा मार्ग उरतो. या बाबतीत स्मरणशक्तीच्या संशोधनाचा मोठा उपयोग होतो. जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये दाखवून दिले, की शिकलेले विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काळात सर्वाधिक असतो आणि नंतर तो मंदावतो. त्यामुळे पहिली उजळणी त्याच दिवशी, अगदी दहा मिनिटांची का होईना, करून घ्यावी. दुसरी आठवड्याने आणि तिसरी महिन्याने करावी. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात एका विषयाला सलग बारा तास देण्यापेक्षा तेच बारा तास दोन महिन्यांत विभागून दिल्यास अधिक लक्षात राहते.

दुसरी महत्त्वाची बाब म्हणजे पुन्हा पुन्हा वाचण्याऐवजी पुस्तक मिटून आठवणे. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिके या अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांच्या एका गटाने उतारा वारंवार वाचला, तर दुसऱ्या गटाने तो एकदा वाचून नंतर तीनदा आठवून लिहिला. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत वारंवार वाचणारा गट पुढे होता. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटे झाले. वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर सांगता आला. लातूर पॅटर्नमधील सराव परीक्षा का उपयोगी ठरल्या, याचे एक उत्तर या प्रयोगात मिळते. पदवीच्या विद्यार्थ्याची चाचणी घेणारे कोणी नसेल, तर दोघा-तिघा मित्रांनी दर रविवारी एकमेकांना प्रश्नपत्रिका काढून द्यावी.

दिवसाची घडी

दिवसभराचे मिनिटामिनिटाचे वेळापत्रक आखण्याऐवजी रोज ठरलेल्या वेळी दोनच बैठका निश्चित कराव्यात. प्रत्येक बैठक दीड-दोन तासांची असावी. सर्वांत अवघड विषय सर्वांत ताज्या वेळेला द्यावा. काहींसाठी ती वेळ पहाटेची असते, तर काहींसाठी रात्रीची. पहाटे उठणाराच यशस्वी होतो, असा नियम नाही.

बैठकीच्या आधी काम नेमक्या शब्दांत लिहावे. 'रसायनशास्त्र करणे' असे लिहिण्यापेक्षा 'प्रकरण तिसरे, पहिली दहा उदाहरणे' असे लिहावे. काम संपले की नाही, हे मग निश्चित सांगता येते. लक्ष लागत नसेल, तर २५ मिनिटे काम आणि पाच मिनिटे विश्रांती ही पद्धत करून पाहावी. इटलीच्या फ्रांचेस्को चिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या अखेरीस विद्यार्थी असताना टोमॅटोच्या आकाराच्या स्वयंपाकघरातील घड्याळावर ती सुरू केली. म्हणून तिला टोमॅटोच्या इटालियन नावावरून 'पोमोदोरो' म्हणतात. या काळात मोबाईल दुसऱ्या खोलीत किंवा दप्तराच्या तळाशी ठेवावा.

प्रवासाचा वेळ पूर्णपणे वाया जातो, असेही नाही. हलत्या एस.टी.त नवा धडा समजणे कठीण असते. मात्र सूत्रे, व्याख्या, इंग्रजी शब्द यांची लहान कार्डे करून ती आठवण्यासाठी हा वेळ चांगला. सकाळी कार्डे पाहावीत आणि परतताना दिवसभरात काय शिकवले, हे मनात उजळावे. तासिकांच्या मधला मोकळा तास कट्ट्यावर न घालवता ग्रंथालयात दिला, तर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्याला आठवड्याला पाच-सहा तास सहज परत मिळतात.

यात अभ्यासक्रमाबाहेरच्या वाचनालाही जागा असावी. नांदेडच्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि प्राचार्य म्हणून वावरलेल्या नरहर कुरुंदकरांच्या चौफेर व्यासंगाचा वारसा या भागाला लाभला आहे. आठवड्यातून दोन तास आवडीच्या पुस्तकासाठी काढल्याने कोणाचे गुण कमी होत नाहीत.

परीक्षागृहातील घड्याळ

वेळेच्या नियोजनाची अखेरची कसोटी परीक्षागृहात लागते. २०२५ च्या 'नीट' परीक्षेत १८० मिनिटांत १८० प्रश्न होते, म्हणजे एका प्रश्नाला एक मिनिट. राज्याच्या 'एमएचटी-सीईटी'मध्ये भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्राच्या १०० प्रश्नांना ९० मिनिटे मिळतात. एका प्रश्नाच्या वाट्याला येतात ५४ सेकंद. गणिताच्या ५० प्रश्नांना मात्र तेवढीच ९० मिनिटे असल्याने प्रत्येकी १०८ सेकंद मिळतात. बारावी विज्ञानाच्या ७० गुणांच्या तीन तासांच्या प्रश्नपत्रिकेत शेवटची १५ मिनिटे तपासणीसाठी ठेवली, तर एका गुणाला साधारण सव्वादोन मिनिटे येतात. चार गुणांच्या उत्तरात वीस मिनिटे घालविणे परवडणारे नसते. हे गणित आधीच माहीत असावे आणि सराव घड्याळ लावूनच करावा.

झोपेतून उसनवारी नको

तास अपुरे पडू लागले, की सर्वांत आधी झोपेवर गदा येते. अमेरिकेतील नॅशनल स्लीप फाउंडेशनने २०१५ मध्ये केलेल्या शिफारशींनुसार १४ ते १७ वयोगटाला आठ ते दहा तास आणि १८ ते २५ वयोगटाला सात ते नऊ तास झोप आवश्यक आहे. दिवसभर शिकलेले मेंदूत पक्के होण्याचे काम झोपेतही सुरू असते. त्यामुळे झोप तोडून केलेला अभ्यास बऱ्याच अंशी वाया जातो. वरील ताळेबंदात झोपेचे तास सर्वांत आधी वजा केले आहेत, ते यासाठीच.

नियोजन करूनही काम आवाक्याबाहेर वाटत असेल, सतत निराशा, चिडचिड किंवा निद्रानाश जाणवत असेल, तर तो प्रश्न वेळापत्रकाचा राहिलेला नसतो. अशा वेळी घरच्यांशी किंवा विश्वासातील शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेल्या 'टेलि-मानस' सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य समुपदेशन मिळते.

पालक आणि महाविद्यालयांसाठी

वेळेची सारी जबाबदारी विद्यार्थ्यावर टाकून चालणार नाही. महाविद्यालयांनी तासिका सलग ठेवल्या आणि ग्रंथालयाची वेळ वाढविली, तर ये-जा करणाऱ्या विद्यार्थ्यांचा मोठा वेळ वाचेल. स्वाध्याय आणि अंतर्गत चाचण्यांच्या तारखा सत्राच्या सुरुवातीलाच जाहीर केल्यास मागे मोजण्यासाठी आधार मिळेल. पालकांनी 'किती तास अभ्यास केला?' असे विचारण्याऐवजी 'आज काय पूर्ण झाले?' असे विचारावे. मुलीच्या वाट्याची घरकामे घरातील इतरांनी थोडी वाटून घेतली, तर तिला रोज मिळणारा एक तास सत्राअखेर शंभरावर जातो.

थोडक्यात

- सात दिवस प्रत्येक तासाची नोंद ठेवा. सुधारणा नंतर.
- १६८ तासांतून झोप, महाविद्यालय, प्रवास आणि घरकाम वजा करा. उरले तेवढेच तास तुमचे.
- एका क्रेडिटला सत्रभरात सुमारे ३० तास, वर्गाच्या एका तासाला स्वतःचा एक तास.
- परीक्षेपासून मागे मोजा. सुगी, सण आणि राखीव दिवस आधीच वगळा.
- कामाच्या अंदाजाला दीडपट करा.
- पहिली उजळणी त्याच दिवशी, दुसरी आठवड्याने, तिसरी महिन्याने.
- पुस्तक मिटून आठवा, घड्याळ लावून सराव करा.
- झोप कमी करू नका.

लातूर पॅटर्नने एका पिढीला परीक्षेच्या तारखेपासून मागे मोजायला शिकविले. ते मोजण्याचे काम तेव्हा संस्थेने केले. पदवीच्या वर्गात पाऊल ठेवल्यावर ते विद्यार्थ्याने स्वतः हाती घ्यायचे आहे. येत्या रविवारी एक कोरा कागद घ्यावा, वर १६८ हा आकडा लिहावा आणि वजाबाकीला सुरुवात करावी. वेळापत्रक त्यानंतर आखावे.